कुटाच्या डब्याची ओळखपरेड

आमच्या घरी दाण्याचं कूट रणगाड्याच्या तोफगोळ्यात ठेवतात.

हे वाक्य मी पाहुण्यांसमोर सहसा उच्चारत नाही. उच्चारलं की ते चहाचा कप खाली ठेवतात आणि माझ्या बायकोकडे बघतात. बायको मान हलवते. मग पुढचा अर्धा तास मला बोलावं लागतं. ते सगळं एकदाच लिहून टाकावं म्हणजे निदान चहा तरी गार होणार नाही.

मी जामखेडचा. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा वडिलांनी एस.टी. डेपोत पेढे वाटले, आणि ज्यांना पेढा मिळाला त्या प्रत्येकाने पुढे मला आपापला बंद पडलेला रेडिओ आणून दिला. पदवीधर माणसाला सगळं येतं, अशी गावाची समजूत होती. दुर्दैवाने हळूहळू ती माझीही झाली.

पुढे शारजात एका सुट्या भागांच्या कंपनीत मी स्टोअरकीपर म्हणून लागलो. कंपनीचे मालक, म्हणजे आमचे अरबाब, बू सैफ. खोर फक्कानचे राहणारे, सैन्यातून निवृत्त झालेले. सगळी उमेदीची वर्षं रणगाड्यांत गेलेली. गडी अतिशय दिलदार. हिंदी बोलायचे, फक्त त्यात व्याकरण नसायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं प्रमाणपत्र पाहिलं आणि मला ‘मुहंदिस’, म्हणजे इंजिनियर, म्हणायला सुरुवात केली. मी इंजिनियर नाही हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण ज्या माणसाने आपल्याला पोटाला लावलं त्याला पहिल्याच दिवशी ‘तुमचं चुकतंय’ कसं म्हणायचं? मी ‘शुक्रिया’ म्हणालो. माझ्या अडचणींचा उगम तिथे आहे.

बू सैफ यांना एक छंद होता. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, तसे ते रणगाड्याचे निकामी गोळे जमवत. निकामी म्हणजे आत दारू नाही, काही नाही, नुसतं धातूचं खोकं. त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात असे गोळे ओळीने उभे असायचे. आपण कपबश्या मांडतो तसे.

एक दिवस भंगाराच्या एका मोठ्या लॉटमध्ये त्यांना एक गोळा सापडला. तो कुठल्याच पुस्तकात नव्हता.

“मुहंदिस,” ते म्हणाले, “तुम शहादा वाला आदमी. ये क्या है, तुम बोलो.”

शहादा म्हणजे प्रमाणपत्र. माझं होतं वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्राचं.

“इन्शाल्ला, अरबाब,” मी म्हणालो.

त्यांनी मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. वार्षिक परीक्षेला बसल्यासारखं मी ते वाचलं. गोदामात मापं घेतली. खालचा भाग पितळेची उंच पुंगळी, माझ्या गुडघ्याच्या वर येणारी. वर बसणारं टोक वेगळं, पोलादी, पुढे गोलसर. पुंगळीला निळा रंग. निळा म्हणजे सरावाचा, धोका नसलेला. रंगावर पांढरी अक्षरं, आणि त्यांत एक फुली, म्हणजे पुस्तकाप्रमाणे प्रयोगाची खूण. बुडाला हाताने ठोकलेले वेडेवाकडे आकडे. कारखान्यात हजारोंनी निघणाऱ्या मालावर आकडे सरळ असतात. हे वाकडे, म्हणजे थोडेच नग, चाचणीपुरते बनवलेले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुंगळीच्या अंगाला चार भोकं, बुडाला एक. मुद्दाम पाडलेली. ‘बघा, आत काही नाही’ हे सांगणारी. ती भोकं म्हणजेच गोळा निकामी असल्याचा पुरावा.

“अरबाब,” मी सांगितलं, “ये एक्सपेरिमेंटल है. बनाया, टेस्ट किया, पसंद नहीं आया, छोड दिया. बहुत कम होगा दुनिया में.”

बू सैफ यांनी मला मिठी मारली. शुक्रवारी त्यांच्याकडे अल ऐनहून कॉलिन नावाचे एक इंग्रज गृहस्थ यायचे होते. पांढऱ्या मिशांचे, या गोळ्यांतले मोठे जाणकार. बू सैफ यांच्या संग्रहात पाहण्यासारखं काही नाही, असं ते मागच्या खेपेला म्हणाले होते, आणि ते बू सैफ यांना फार लागलं होतं.

“शुक्रवार तुम फॅमिली लेके आओ. मम्मा भी लाओ. खाना खाओ. गोला तुम लाओ. कॉलिनको तुम समझाओ.” मग सहज आठवल्यासारखं म्हणाले, “तुम्हारा व्हिसाका पेपर मेरे पास है. शुक्रवार बाद साइन करेगा.”

यात धमकी वगैरे काही नव्हती. पण माझा व्हिसा त्याच महिन्यात संपत होता, आणि त्यावरच बायकोचा, पोरीचा, म्हणजे मुग्धाचा, अल नहदातल्या फ्लॅटचा आणि तिच्या शाळेचा सगळा डोलारा उभा होता. सहीच्या आधी शुक्रवार येत होता, एवढं मला नीट कळलं.

गोदामात गोळा ठेवायची मला भीती वाटली. तिथला सफाईवाला फार उत्साही. पितळ दिसलं की पॉलिश मारायचा. रंग गेला, अक्षरं गेली, की गोळ्याची ओळखच गेली. म्हणून मी तो सुरक्षित जागी ठेवायचं ठरवलं.

मी तो घरी आणला.

आता घरात तेव्हा आई आली होती. पहिल्यांदाच विमानात बसून, तीन महिन्यांच्या व्हिसावर. घरात तोफगोळा आणलाय म्हटलं असतं तर सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला गोळ्यासकट जिन्यात उभं केलं असतं. म्हणून दोन्ही भाग जुन्या लुंगीत गुंडाळून मी स्वयंपाकघरातल्या कोठीत कोपऱ्यात ठेवले.

“काय आहे ते?” सुनंदाने विचारलं.

“ऑफिसचं सामान. हात लावू नका.”

“जड आहे?”

“ऑफिसचं आहे,” मी पुन्हा म्हणालो. खोटं बोलायची सवय नसली की माणूस तेच तेच बोलतो.

गुरुवारी अर्धा दिवस असायचा. दुपारी घरी आलो तर दारातच चिंचेचा वास. आत टेबलावर, टीव्हीच्या शेजारी, काहीतरी लखलखत होतं. इतकं की त्यात मला माझा चेहरा दिसला. चेहरा लांबुळका होता. थोड्या वेळाने तो खरोखरच तसा झाला.

“आलास?” आई म्हणाली. “बस. डोळे मिट म्हणणार होते, पण बघितलंसच.”

“आई, हे काय?”

“अरं, लाजतोस कशाला? मला समदं समजलं. भोकं पडलेलं भांडं कुणीतरी तुझ्या गळ्यात मारलं, आन् तू लाजंपायी लुंगीत लपवून ठेवलंस. बायकोला म्हणतो ऑफिसचं सामान! ऑफिसात पितळंची भांडी असत्यात का?”

मी सुनंदाकडे पाहिलं. तिच्या नजरेत माझ्याबद्दल इतकी दया होती की मला रडू येईल असं वाटलं.

“सांगायचं नाही का हो?” ती म्हणाली. “फसतो माणूस कधीकधी. मी काही बोलले असते का?”

“रंग...” मी म्हणालो. “निळा रंग होता.”

“सोड्याच्या कढत पाण्यात भिजवला, तारंच्या घासणीनं काढला,” आई म्हणाली. “निघंना बाई. कुण्या मेल्यानं लावला होता कुणास ठाऊक. मग चिंच-मीठ. आता बघ, सोन्यावाणी झालं.”

“आणि भोकं?”

“Ajji took us to Rolla,” मुग्धाने माहिती दिली. ती तिसरीत होती आणि मराठी फक्त भांडताना बोलायची. “The pot shop uncle closed all the holes. Even the bottom one.”

“डाग दिला त्यानं,” आई अभिमानाने म्हणाली. “बुडाला आधी सगळं घासून गुळगुळीत केलं, काहीतरी खरबरीत ठोकलेलं होतं तिथं. मग पत्रा बसवला. पंधरा दिरम घेतले. बाराने गुणून बघ, म्हंजे कळंल किती लुटत्यात हितं.”

मी गुणाकार केला नाही. मी खुर्चीत बसलो. गोळा निकामी असल्याचा पुरावा म्हणजे पाच भोकं. ती आता रोल्लाच्या बाजारातल्या भांडेवाल्याने उत्तम प्रतीचा डाग देऊन बुजवली होती. रंग गेला होता. आकडे गेले होते. आता आणखी काही जाण्यासारखं उरलं नव्हतं, एवढंच समाधान होतं.

“फिरव की जरा,” आई म्हणाली. “मागच्या अंगाला बघ.”

मी तो फिरवला. जिथे पांढऱ्या अक्षरांत फुली होती, नेमक्या त्याच जागी, कोरीव, ठसठशीत देवनागरीत लिहिलं होतं: ‘चि. सौ. सुनंदा हिस सासूबाईंकडून सप्रेम भेट.’

आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते भांडं घरचं होत नाही. तांब्यापासून पिंपापर्यंत कुणी, कुणाला, कधी दिलं ते कोरलेलं असतं. रणगाड्याच्या गोळ्याला यातून सूट असते, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं.

“परत जायच्या आधी सुनेला काहीतरी द्यावं असं मनात होतं,” आई म्हणाली. “हितलं काय घेणार मी? मग म्हटलं, हेच चांगलं करून देऊ. कूट ठेवायला होईल.”

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. कारणं वेगळी होती.

रात्री मी सुनंदाला खरं सांगितलं. ती उठून बसली.

“तोफगोळा? माझ्या दाण्याच्या शेजारी?”

“निकामी आहे गं.”

“कशावरून?”

“भोकं...” म्हणालो आणि थांबलो.

“आईंना काही बोलायचं नाही,” तिने फर्मावलं. “एवढ्या हौसेनं केलंय. तुम्ही तुमच्या अरबाबला काय सांगायचं ते सांगा.”

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. गोळा पुन्हा लुंगीत, गाडीच्या डिकीत. अरबाबना दाखवायला नेतोय, एवढंच आईला सांगितलं होतं. पुढे डोंगरातला रस्ता. एका ठिकाणी पोलिसाने गाडी थांबवली. डिकी उघडायला लावली तर काय बोलायचं, हे मी मनात जुळवत होतो. ‘साहेब, हा तोफगोळा आहे, पण निकामी, आणि निकामी असल्याचा पुरावा माझ्या आईने बुजवलाय.’ पोलिसाने मागे बसलेल्या आईकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, “यल्ला, यल्ला,” म्हणजे चला, निघा. आईने त्याला हात जोडले.

“चांगलं पोरगं आहे,” ती म्हणाली. “वाळलंय जरा.”

बू सैफ यांच्या घरी बायका आत गेल्या आणि मी मजलिसमध्ये. कॉलिनसाहेब आधीच आले होते. हातात भिंग, मांडीवर वही. बू सैफ यांनी कपाटातली मधली जागा रिकामी करून ठेवली होती. तिथे हिरवी मखमल अंथरली होती.

बू सैफ यांनी स्वतः लुंगी सोडली.

मजलिसमध्ये एकदम उजेड पडल्यासारखं झालं.

“मुहंदिस,” बू सैफ अगदी हळू म्हणाले, “ये वोही है?”

“वोही है, अरबाब. थोडा साफ हुआ है.”

कॉलिनसाहेबांनी भिंग लावलं. अक्षरांवर त्यांचं भिंग थांबलं.

“ही कुठली लिपी?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“देवनागरी,” मी म्हणालो. त्यात खोटं काहीच नव्हतं.

“देवनागरी!” त्यांच्या मिशा थरथरल्या. “भारतीय चाचणीचा गोळा? हाताने कोरलेला? असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही.”

मीही पाहिलेलं नव्हतं. बू सैफ यांचा चेहरा उजळला, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कबूल करतो, त्या क्षणी माझ्या मनात आलं की गप्प बसावं. इंग्रज खूश, अरबाब खूश, व्हिसावर सही. कोण वाचणार होतं ते?

एवढ्यात कॉलिनसाहेबांनी पोलादी टोक उचललं, निरखलं, आणि जाणकार करतात तसं नाकाजवळ नेलं.

त्यांचा रंग उतरला. त्यांनी ते टोक पुन्हा हुंगलं आणि अतिशय जपून खाली ठेवलं.

“लसूण,” ते म्हणाले.

“क्या?” बू सैफ म्हणाले.

“लसणाचा वास. पांढऱ्या फॉस्फरसला असाच वास येतो.” मग त्यांचं लक्ष पुंगळीकडे गेलं. “आणि याला एकही भोक नाही. हा निकामी केलेला नाहीच. हा जिवंत आहे. सगळे बाहेर चला. पळू नका. बाहेर चला.”

आता पांढऱ्या फॉस्फरसला लसणासारखा वास येतो, हे मी स्वतः परीक्षेत लिहिलेलं होतं. चार मार्कांना. त्यामुळे माझ्या शिक्षणाचा तिथे पहिल्यांदा उपयोग झाला. मी ठामपणे म्हणालो, “सर, करेक्ट,” आणि सगळ्यांत आधी बाहेर पडलो. पळू नका असं ते म्हणाले होते, ते मला बाहेर पोचल्यावर आठवलं.

अंगणात खजुराच्या झाडाखाली आम्ही उभे राहिलो. आतल्या बायकांना मागच्या दाराने बाहेर आणायला बू सैफ यांनी माणूस पाठवला. सुनंदा आली, मुग्धा आली, अरबाबच्या घरच्या बायका आल्या.

“आई कुठंय?” मी विचारलं.

“आत्ता तर होत्या,” सुनंदा म्हणाली. “मजलिस कुठे आहे विचारत होत्या.”

मी खिडकीकडे पाहिलं. आत, मजलिसच्या गालिच्यावर बसून, आई पदराने गोळा पुसत होती. बोटांचे डाग पडले होते ना त्यावर.

“आई!” मी ओरडलो. “हात लावू नको! बाहेर ये!”

ती बाहेर आली. पण हातात ते पोलादी टोक घेऊन.

कॉलिनसाहेब झाडामागे गेले. बू सैफ निवृत्त असले तरी सैनिकच. ते जागचे हलले नाहीत, फक्त डोळे मिटून घेतले.

“उन्हात का उभे समदे?” आई म्हणाली.

“आई, ते खाली ठेव. हळू ठेव. त्याला लसणाचा वास येतोय.”

“येणारच. काल चटणी कुटली की मी यानं. मिक्सरात लगदा होतो नुसता. पण वजनदार आहे बघ, दाणे कसे एका दणक्यात फुटत्यात. धुतलं मी, तरी लसूण ऱ्हातोच लोखंडाला.”

मी ते इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. जमेना. शेवटी मुग्धाच पुढे झाली.

“It’s just chutney, uncle,” ती झाडाला म्हणाली.

आईने पिशवीतून डबा काढला. यजमानांच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून तिने आणलेली शेंगदाण्याची चटणी. कॉलिनसाहेब झाडामागून आले. त्यांनी टोक हुंगलं. मग डबा हुंगला. पुन्हा टोक. पुन्हा डबा. मी परीक्षेच्या निकालालाही इतका घाबरलो नव्हतो.

“सारखाच,” ते म्हणाले, आणि गवतावर बसले.

मग सगळं बाहेर आलं. सोडा, घासणी, चिंच, रोल्ला, डाग. मी बू सैफ यांच्याकडे न बघता हिंदीत सांगत होतो. कॉलिनसाहेब मधेच एवढंच म्हणाले की हा काय होता हे आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही. आता हे फक्त अतिशय स्वच्छ पितळ आहे.

“और ये लिखा क्या है?” बू सैफ यांनी विचारलं. आम्ही परत मजलिसमध्ये आलो होतो, आणि त्यांचं बोट कोरलेल्या अक्षरांवर होतं.

“अरबाब, वो... मेरी माँने मेरी वाइफको गिफ्ट दिया, ऐसा लिखा है.”

“नाम लिखा है? तुम्हारे घरका?”

“जी.”

चटका बसल्यासारखं त्यांनी बोट काढून घेतलं. तिथे परक्या माणसाच्या बायकोचं नाव कुणी विचारतही नाही. त्यांनी लुंगी उचलली आणि गोळ्यावर पुन्हा नीट पांघरली, डोक्यावरून पदर घ्यावा तशी.

“खलास,” ते म्हणाले. “तुम्हारे घरका नाम मेरे मजलिसमें नहीं रह सकता. ये तुम्हारे घरका है. लेके जाओ.”

“अरबाब, मेरा व्हिसा...”

त्यांच्या पोटातून एकदम हसू निघालं. हसता हसता त्यांनी कागद मागवला, सही केली आणि म्हणाले, “मुहंदिस, गोलेके अंदर क्या है, वो तुमको सब मालूम. घरके अंदर क्या है, वो कुछ मालूम नहीं.”

जेवताना त्यांनी चटणी तीनदा घेतली. त्यांच्या बायकोला ती इतकी आवडली की आईने कृती तर दिलीच, पण ते पोलादी टोकही देऊन टाकलं, “त्याबिगर चव येत नाही” म्हणून. ते अजून खोर फक्कानच्या त्या स्वयंपाकघरात आहे. मखमलीवर मात्र पुढच्या वेळी गेलो तेव्हा एक साधा, पुस्तकात सापडणारा गोळा उभा होता. तो मी ओळखलेला नव्हता.

पुंगळी आमच्याकडे आहे. तिच्यात कूट आहे. नवीन पाहुणे आले की ते ती बघतात आणि विचारतात, “हे काय हो?” मी उठतो, घसा साफ करतो, व्यास सांगतो, निळ्या रंगाचा अर्थ सांगतो, वाकड्या आकड्यांवर येतो. तेवढ्यात पाहुणे वाकून अक्षरं वाचतात.

“असं होय, सासूबाईंनी दिलंय,” ते म्हणतात, आणि चहाकडे वळतात. घराण्यातला पहिला पदवीधर उभाच राहतो. मग सुनंदा मला बाजूला व्हायला सांगते. तिला कूट काढायचं असतं.